रीळ परत

बावीस वर्षं मी पांढरं तपासलं.
खाडीकाठच्या कागदाच्या गिरणीत, तिसऱ्या मशीनच्या टोकाला
खिडकी नसलेली एक खोली,
काचेचं टेबल आणि टेबलाखाली दिवा.
कागद अंथरायचा, वाकायचं.
सालीचा कण, तेलाचा थेंब, डासाचा पाय,
काहीही दिसलं की शिक्का :
रीळ परत.

गिरणी बंद झाली तेव्हा जो तो काहीतरी घेऊन गेला.
रौहाने कॅन्टीनचं घड्याळ नेलं,
कुणी हेल्मेट, कुणी फक्त खोकला.
मी शेवटच्या रिळाचं शेपूट मागून घेतलं.
घरी कापलं, मोजलं. दोनशे बारा ताव.
म्हणजे दोनशे बारा पानांची चित्रकादंबरी,
मी लेकीला फोनवर म्हटलं, औलूला.
ती म्हणाली, आई, आधी काहीतरी छोटं कर ना.

छोटं करून झालंय.
विजेच्या बिलांच्या पाठी भरल्यात, तीन हिवाळे.
झाडं जमतात. वाफ जमते. लोकरीच्या टोप्या जमतात.
बर्फ तर न काढताच येतो.
हात जमत नाहीत.
माझी सगळी माणसं खिशात हात घालून उभी,
जणू अख्खी रात्रपाळी बसची वाट बघतेय.

आणि गोष्ट तर हातांचीच आहे.
मशीन चालू असताना तिथे कुणी कुणाशी बोललं नाही,
कानांवर टोपणं, वरून तो आवाज.
हनुवटीखाली मूठ : फोरमन येतोय.
मनगटावर दोन बोटं : कॉफी.
तळहात छातीवर, मग सावकाश खाली :
सिस्कोचा नवरा गेला, आज तिला काही विचारू नका.
संवादाचे फुगे मी काढू कुठे?
कुणाच्या तोंडापाशी?
वेइयोच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती,
दोन रोलरने नेलेली.
वेइयो हाताने तोतरा बोलतो, म्हणायचो आम्ही.
दोन बोटं कमी, तेवढंच काढायला सोपं,
म्हणून त्याच्यापासून सुरुवात करायचं ठरवलं.
लाज वाटली. तरी ठरवलं.

नोव्हेंबर. दुपारी दोनलाच उजेड आवराआवर करतो.
खाडी धरायला लागलीय, रात्री तिचे सांधे कुरकुरतात.
स्वयंपाकघराच्या टेबलावर पहिला ताव.
चौकटी आखल्या, इतक्या फिकट
की मलाच चष्मा शोधावा लागला.
शाई उघडली. शाई बंद केली.
निब धुतली. ती कोरडीच होती.
पांढऱ्यावर काळं करायला बसलेली बाई,
जिने जन्मभर काळं हुडकून पांढरं परत पाठवलं.
मागे कुणीतरी शिक्का घेऊन उभं आहे असं वाटतं,
कोट माझा, चपला माझ्या.

शेवटी फ्रिजमधली काच काढली,
दोन डब्यांवर आडवी ठेवली, खाली दिवा,
आणि जुन्या सवयीने एकेक ताव बघत गेले.
सतराव्यावर, डावीकडे, जरा वर,
सालीचा कण.
बर्चचा असावा. तिळाच्या निम्मा.
त्या रिळाच्या चिठ्ठीवर सही माझी होती.
डोळे भरले असतील त्या दिवशी, असं लेकीला सांगता येईल.
खरं म्हणजे त्या दिवशी मी पाहिलंच नव्हतं.

कॉफी गार झाली. दुसरी केली, तीही.
मग त्या कणाभोवती एक पापणी काढली.
पापणीखाली सुरकुती, नाक, कानावर टोपण.
वेइयो बघतोय. माझ्याकडे नाही,
तिकडे, जिथे कागद तुटायच्या बेतात आहे,
आणि आता त्याला हात वर करावाच लागेल.

आधीची सोळा पानं मागाहून बघू.
मी दिव्यापाशी माझा डावा हात धरते,
दोन बोटं मिटते,
अंगठा नेमका कुठून फुटतो
ते पहिल्यांदाच नीट बघते.